घर बदलल्यावर तंबोरा: जवारीला हात लावण्याआधी

सामान लागले, तंबोरा गवसणीतून निघाला, तारा चढवल्या आणि आवाज बसका किंवा करकरीत यायला लागला की पहिला संशय जवारीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या घासून दिलेल्या उतारावर, जातो. मग लगेच वाद्यकारागिरांचे मिरज गाठून, घोडी घासून जवारी काढून घेतली जाते आणि काही दिवसांत आवाज पुन्हा बिघडतो, कारण लाकूड अजून नव्या घरच्या हवेला रुळलेलेच नसते. जवारी हे शेवटचे काम. त्याआधी भेगा, सांधे, घोडीची जागा, खुंट्या आणि तारा, याच क्रमाने.

आपल्या सातारा-सांगली भागात हवेचा फरक थोडाथोडका नाही. कोयनानगर-पाटणच्या पावसातून कोणी सांगलीत येतो, तर कोणी सांगलीतून जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत जातो. ओलावा धरला की भोपळ्याच्या तोंडावरची पातळ लाकडी तबली फुगते आणि घोडीला किंचित वर उचलते. हवा कोरडी झाली की तबली बसते. घोडीच्या माथ्याला दिलेला उतार डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकाच असतो. त्यामुळे तबली केसभर हलली तरी खुला आवाज मिटतो, नाहीतर चिरका होतो.

हलवायच्या आदल्या दिवशी चारही तारा साधारण दोन-तीन स्वर उतरवा. पूर्ण सैल करू नका. बऱ्याच वाद्यांत घोडी तारांच्या दाबावरच उभी असते. ताण गेला की ती सरकते आणि तिची नेमकी जागा हरवते. म्हणून आधीच घोडीच्या पायांभोवती मऊ पेन्सिलीने बारीक खुणा करा. समोरून आणि बाजूने फोटोही काढून ठेवा. तारा आणि तबली यांच्यामध्ये मऊ सुती कापडाची घडी सरकवा, म्हणजे घोडी कलंडली तरी पॉलिशवर ओरखडा येणार नाही.

टेम्पोत कपाट आणि गॅसच्या शेगडीबरोबर तंबोरा देणे म्हणजे भोपळ्यावर पाणी सोडणे. भोपळा म्हणजे वाळलेल्या फळाची साल. ती कठीण असते, पण लवत नाही. धक्का बसला की तडकते. दुसरी नाजूक जागा गळ्याची, म्हणजे दांडी भोपळ्याला जोडते तिथली. दांडी लांब असल्याने तिच्या टोकाला बसलेला हलका धक्कासुद्धा गळ्याच्या सांध्यावर कितीतरी पटीने जोर देतो. गाडीत मागच्या सीटवर गोधडी पसरा, भोपळ्याखाली चुंबळ ठेवा आणि तबली वर करून वाद्य आडवे ठेवा. दांडीचे टोक पुढच्या दोन सीटच्या मध्ये येऊ देऊ नका, ब्रेक लागला की पहिला मार तिथेच बसतो. उन्हात गाडी बंद करून जेवायला उतरायचे असेल तर तंबोरा बरोबर न्या. सरसाने जोडलेले सांधे गरमीने मऊ पडतात.

नव्या घरी पोचल्यावर एक दिवस तंबोरा गवसणीतच राहू द्या. मग उजेडात बाहेर काढा. भोपळ्यावरून बोटांची पेरे हळू फिरवा. भेग डोळ्यांआधी नखाला लागते. तबलीवर बोटाने टिचकी मारत कडेकडेने जा. जिथे भरीव नादाऐवजी फटफट आवाज येईल तिथे तबली कडेपासून सुटली आहे. गळ्याच्या सांध्यात पोस्टकार्डाची कड आत जाते का ते पाहा. गेली तर तार चढवायचीच नाही, ताणाने सांधा आणखी उघडेल. भोपळ्याला बारीक भोके आणि खाली पिवळट पूड दिसली तर ती कीड आहे. असे वाद्य दुसऱ्या वाद्यांपासून वेगळे ठेवून कारागिराला दाखवा.

भोपळा फुटला असेल तर प्रत्येक कपची गोळा करा, नखाएवढी असली तरी. मूळ तुकडे असतील तर जोड जवळजवळ दिसत नाही. हरवले तर नवा भोपळ्याचा तुकडा घडवून बसवावा लागतो आणि रंग जुळत नाही. घरी फेव्हिक्विक लावू नका. ते कडेत शिरून काचेसारखे कडक होते, मग कारागिराला आधी ते खरवडावे लागते आणि त्यात भोपळ्याची कडही जाते. चिकटपट्टीही नको, निघताना ती पॉलिश उचलते. मऊ धोतराच्या कापडाने गुंडाळून ठेवा, तेवढे पुरे.

काहीच फुटलेले नसेल तर पुढचे काम घरी होते. घोडी पेन्सिलीच्या खुणांवर आहे ना ते पाहा. पायांखाली सर्व बाजूंनी कागद सरकवून बघा. एका बाजूने कागद आत गेला तर घोडी नीट टेकलेली नाही आणि खरखर तिथूनच येते. मग तारा हळूहळू चढवा. पहिल्या दिवशी नेहमीच्या पट्टीपेक्षा, म्हणजे ज्या उंचीच्या 'सा'वर गाता त्यापेक्षा, दोन स्वर खाली ठेवा, दुसऱ्या दिवशी एक स्वर खाली, तिसऱ्या दिवशी पट्टीवर आणा. आधी जोड (मधल्या दोन 'सा'च्या तारा), मग खरज (खालच्या 'सा'ची जाड तार), शेवटी पंचम ('प'ची तार). तारेत ओवलेला मणी घोडी आणि लंगोट (तारांची खालची टोके अडकवतात ती जागा) यांच्या साधारण मध्यावर ठेवून खुंटीने स्वर जवळ आणा, बाकीचे काम मण्याने करा. मणी लंगोटाकडे नेला की स्वर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो.

खुंटी निसटत असेल तर ती बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसा आणि खडूची पूड लावा. बसवताना आत दाबत फिरवा. पावसाळ्यात उलटे होते, खुंटी फुगून अडकते. पक्कड लावली की तिचे डोके हातात येते, हे ठरलेले. वाद्य दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवा, मग आतबाहेर किंचित हलवत सोडवा. नंतर खुंटी घासते त्या जागेवर कोरड्या साबणाचा पुसट हात द्या. तेल कधीच नाही. लाकूड ते पिते आणि खुंटी पुन्हा पकडत नाही.

काळी पडलेली पितळी खरज किंवा गंजलेली पोलादी जोड असेल तर बदलाच, जुन्या तारेवर कुठलीच जवारी बोलत नाही. पुरुषी तंबोऱ्याला जोडासाठी साधारण २९-३० गेजची पोलादी आणि खरजासाठी २४ गेजची पितळी तार चालते. बायकी तंबोऱ्याला जोड ३१ आणि खरज २६ च्या आसपास. पट्टीनुसार एखादा नंबर इकडेतिकडे होतो. जोडाची एक तुटली तरी दोन्ही एकदम बदला, एक नवी आणि एक जुनी कधी जुळत नाहीत. नवी तार दोन-तीन दिवस उतरत राहते, तो दोष नव्हे.

आता सूत, म्हणजे आवाज खुलवण्यासाठी तार आणि घोडी यांच्यामध्ये घालायचा दोरा. इथे घाई केली की सगळे फसते. पांढऱ्या सुती दोऱ्याचा एकच पदर सोडवा. मशीनचा गुळगुळीत नायलॉनचा दोरा घसरतो. घोडीच्या दांडीकडच्या कडेला तो तारेखाली घाला आणि दोन्ही टोके चिमटीत धरा. तार सतत छेडत तो अगदी सावकाश आत सरकवा. आधी आवाज कोरडा येतो, मग एका जागी एकदम फुलतो, स्वरावर स्वर चढल्यासारखा, आणि पुढे गेलात की मिटतो. फुलला तिथेच थांबा. चारही तारांचे सूत एका रेषेत येईल असे नाही, कानाने ठरवा. जोडाच्या दोन तारा मात्र एकाच जातीच्या बोलल्या पाहिजेत.

आठवडाभरानंतरही करकर राहिली तर आधी सूत काढून तार छेडा. मग एकेका मण्यावर, लंगोटाजवळ आणि खुंटीपाशी उरलेल्या तारेच्या शेपटीवर बोट दाबून पाहा. बोट ठेवल्यावर आवाज थांबला तर दोष तिथे आहे, घोडीत नाही. सुटलेली शेपटी दांडीला लागून इतकी खरखर करते की माणसे नव्या घोडीचे पैसे देऊन बसतात.

दोन ते तीन आठवडे झाले, सूर टिकतो आहे, तरी सूत कुठेच फुलत नाही, आणि घोडीवर तारेखाली चर दिसतो आहे, तर आता जवारीची वेळ. पावसाळा ऐन भरात असेल तर शक्य तितके पुढे ढकला, दिवाळीनंतरची हवा बरी. मिरजेला ही कामे पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. मूळची हत्यारांना धार लावणारी शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोऱ्याकडे वळली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. साताऱ्याहून पुणे-मिरज मार्गावरच्या गाडीने किंवा कराड-पेठ नाक्यावरून रस्त्याने जाता येते. सांगलीकरांना तर तो शेजारच.

जाताना आपली पट्टी पेटीच्या पट्ट्यांच्या नावाने नक्की सांगा: काळी एक, काळी दोन, काळी चार, जी असेल ती. घोडी घासायची ती त्या ताणासाठी. काळी एकला उघडलेली जवारी काळी तीनला नेली की बंद वाटते. ज्याला गायचे आहे त्याने स्वतः समोर बसावे, आणि कारागिराने तारा चढवल्यावर सूत न लावता आधी ऐकावे. फार खुली जवारी दुकानात मोठी आणि गोड वाटते, पण ती लवकर झिजते आणि गाताना गळ्याला झाकते. थोडी बंद बाजूची मागा, सुताने ती उघडता येते. कानस घरी कधीच चालवू नका. घोडीचे हाड एकदा गेले की परत येत नाही.

घरात जागा निवडताना बाहेरची ओलसर भिंत, पत्र्याखालचा माळा आणि खिडकीतले ऊन टाळा. सांगलीच्या गावभागात तळमजल्यावर राहत असाल तर पावसाळ्यात तंबोरा वरच्या मजल्यावर कोणाकडे तरी ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुराचे पाणी घरांत शिरले होते, आणि भिजून सांधे सुटलेला तंबोरा उन्हात सुकवला की तबली वाकते. भिजलाच तर तारा उतरवून सावलीत, वाऱ्यावर, सावकाश वाळवा आणि तसाच कारागिराकडे न्या.