इशिकावा सायुरी यांची एन्का गाणी कराओकेवर कशी बसवावीत

एन्का म्हणजे जपानी लोकप्रिय संगीतातला भावुक, बहुधा उदास गाण्यांचा प्रकार. त्यातल्या गायिका इशिकावा सायुरी यांचं पदार्पण 1973 चं. त्यांची दोन गाणी जपानी कराओकेत आजही सतत लागतात: 1977 चं ‘त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी’ आणि 1986 चं ‘आमागी-गोए’. वर्षअखेरीच्या ‘कोहाकु उता गासेन’ या जपानी टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात 2007 पासून बरीच वर्षं त्यांनी ही दोन आलटून पालटून गायली. 2024 मध्ये मात्र ‘नोतो हान्तो’ गायलं, कारण त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी जपानच्या नोतो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला होता. शिकायला सुरुवात ‘त्सुगारु’पासून करा. ‘आमागी’ ऐकायला सोपं वाटतं, तिथेच फसगत होते.

पहिले काही दिवस हरकती पूर्ण बंद. नवशिका माणूस एन्का म्हटलं की लगेच गळा हलवायला लागतो आणि शब्द तालातून निसटतात. जपानीत प्रत्येक मात्रेला सारखा वेळ लागतो. दीर्घ स्वराच्या दोन मात्रा, न्-ची स्वतंत्र एक आणि जोडाक्षराआधीच्या थांब्याचीही एक. संगीतकार मिकी ताकाशी यांनी ‘त्सुगारु’च्या सुरुवातीला ठोक्यामागे तीन स्वर ठेवलेत आणि आकु यू यांचे शब्द त्यात तीन-तीन मात्रांनी चपखल बसतात:

उ-ए-नो । हा-त्सु-नो । या-को-ओ । रे-(थांबा)-शा

टाळीवर हे नुसतं बोला, चाल लावू नका. मिनिटाला 50 टाळ्यांपासून सुरू करून मूळ गतीपर्यंत या. ‘याको’ म्हणून शेवटचा ‘ओ’ गिळलात तर पुढचा शब्द एक तृतीयांश ठोका आधी येतो आणि पडद्यावरची अक्षरं तुमच्या मागे राहतात. ‘रेशा’ सरळ म्हटलं तरी तेच होतं.

उच्चारांत मराठी माणसाला फायदा आहे. ‘त्सु’ म्हणजे ‘चूल’मधला चू, फक्त ओठांचा चंबू न करता. ‘फुयु’मधला फ दात न लावता, दिव्यावर फुंकर घालावी तसा. शब्दाच्या मधला ‘ग’ जुन्या वळणाच्या गायकीत नाकातून येतो, म्हणजे ‘त्सुगारु’तला गा साधारण ‘ङा’ होतो. एवढ्या एका ग-ने गाणं एन्कासारखं वाटायला लागतं.

स्वरांसाठी कान असा तयार करा: भूपाचे सा रे ग प ध घ्या, त्यातले ग आणि ध कोमल करा. एन्कातल्या उदास चालींची ही नेहमीची चौकट. म आणि नी अधूनमधून डोकावतात. आठवडाभर हे पाच स्वर वर-खाली गायले की कोमल ध आपोआप जागेवर बसतो. तो चढा लागला तर सगळी उदासी उडून जाते.

पट्टी ठरवताना आधी सर्वांत उंच लांबवलेला स्वर तपासा, मग सर्वांत खालचा. ‘त्सुगारु’त तो उंच स्वर शेवटाकडच्या ‘आऽ’वर आहे. यंत्रावरची एक पायरी म्हणजे अर्धा स्वर. पुरुषांनी एक सप्तक खाली गायलं तर सुरुवात पुटपुटल्यासारखी होते. मग पट्टी तीन-चार पायऱ्या वर घेऊन पाहा.

आता कोबुशी. ही आपल्या मुरकीची चुलत बहीण: धरलेल्या स्वरावरून वरच्या स्वराला झटकन शिवून परत. सा-रे-सा, आणि लगेच पुढचा शब्द. आधी संथ, तिन्ही स्वर वेगळे ऐकू येतील असं, मग जलद. कंप ही वेगळी गोष्ट. लांब स्वराचा पहिला अर्धा भाग सपाट ठेवा आणि नंतर सेकंदाला पाच-सहा लाटा द्या. सुरुवातीपासूनच कंप दिला तर स्वर नेमका कुठला हेच कळत नाही. गुण देणारी यंत्रं दोन्ही वेगवेगळे मोजतात, पण गुणांसाठी ओळीत चार कोबुशी कोंबू नका. दोन ओळींत एक पुरे.

‘त्सुगारु’ची पहिली ओळ कोरडी गा. रात्रीच्या गाडीतून उतरलेली माणसं गप्पगप्प उत्तर जपानातल्या आओमोरी स्टेशनवरून बोटीकडे निघालीत, तिथे रडणं नको. (आओमोरी ते हाकोदाते अशी ती सेइकान बोटसेवा 1988 मध्ये समुद्राखालचा बोगदा सुरू झाल्यावर थांबली.) आवाज उघडायचा तो ‘आऽ’वरच, आणि त्याआधीचा श्वास पोटातून, पूर्ण.

‘आमागी’त उलटी अडचण. सुरुवात खाली, जवळजवळ कुजबुजीची, आणि नंतर ‘जोरेन नो ताकी’सारखी इझू द्वीपकल्पातली ठिकाणं एकामागून एक येतात. प्रत्येक नावानंतर अर्धा श्वास चोरून घ्या. तो राहिला तर शेवटच्या ‘आमागी-गोए’पाशी हवा संपते आणि मान ताणून स्वर वर ढकलावा लागतो. मान ताणली जातेय असं वाटलं की पट्टी एक पायरी उतरवा.