बागेतील हौदात भैकेर रेंगाळतात तेव्हा

मृगाच्या किंवा आर्द्राच्या पावसात बागेतल्या हौदात बेडकांनी अंडी घातली, की थोड्याच दिवसांत शेपटीवाल्या पिल्लांनी पाणी काळे दिसू लागते. पुढे गणपती येऊन जातात, तरी हौदाच्या तळाशी तीच पिल्ले तशीच, बिनपायांची, शेवाळ चघळताना दिसतात आणि आपले काही चुकते आहे काय, अशी शंका मनात येते. शाळेत ज्याला आपण टॅडपोल म्हणतो आणि मराठी शास्त्रीय लेखनात ज्याला भैकेर हा नेमका शब्द आहे, त्या पिल्लाची वाढ खरोखर खुंटली आहे की आपलाच हिशेब चुकतो आहे, हे ठरवल्याशिवाय पाण्यात हात घालू नये.

हिशेब चुकण्याचे पहिले कारण साधे आहे. ज्यांची वाढ वेळेवर झाली ती पिल्ले बहुधा रात्री किंवा पावसाच्या सरीत हौदाबाहेर निघून जातात आणि नखाएवढा बेडूक गवतात शिरला की दिसत नाही. मागे राहतात ती मंद वाढीची. म्हणून सप्टेंबरात हौदात दिसणाऱ्या पिल्लांवरून सगळ्या विणीचा अंदाज बांधणे म्हणजे परीक्षा संपल्यावर वर्गात उरलेल्या मुलांवरून शाळेची हुशारी ठरवण्यासारखे आहे. दुसरे कारण म्हणजे एकाच हौदात जूनची, जुलैची आणि ऑगस्टची अशी तीन विणींची पिल्ले एकत्र असू शकतात. अंडी दिसली त्या दिवशी तारीख लिहून ठेवावी आणि दर रविवारी पांढऱ्या बशीत चार-पाच पिल्ले पाण्यासकट घेऊन, मागे मोजपट्टी धरून फोटो काढावा. तीन आठवड्यांच्या फोटोंत लांबी वाढलेली दिसत असेल, तर वाढ सावकाश चालू आहे. दिसत नसेल, तर ती थांबली आहे. या दोन गोष्टींवरचे उपाय वेगळे आहेत.

पायांविषयीही एक गैरसमज असतो. आधी मागचे पाय फुटतात, तेही शेपटीच्या मुळाशी तिळाएवढ्या उंचवट्याच्या रूपात, जे भिंगाशिवाय सहज नजरेस येत नाहीत. पुढचे पाय त्याच काळात कल्ल्यांवरच्या त्वचेच्या आवरणाखाली तयार होत असतात आणि पूर्ण झाल्यावर एकदम बाहेर येतात. पुष्कळ जातींत कल्ल्यांतले पाणी बाहेर टाकणारे छिद्र डाव्या अंगाला असते, तेव्हा डावा कोपर त्यातून आधी डोकावलेला दिसला तर ते व्यंग समजू नये. अंड्यापासून शेपूट जिरेपर्यंतच्या या प्रवासाचे गॉस्नर या अभ्यासकाने 1960 मध्ये 46 टप्पे पाडले. त्यांत मागच्या पायांचे अंकुर 26 व्या टप्प्याला आणि पुढचे पाय 42 व्या टप्प्याला दिसतात. यादी पाठ करण्याची गरज नाही, पण मागचे पाय दिसल्यापासून पुढचे पाय येईपर्यंत बरेच टप्पे असतात एवढे ध्यानात ठेवले, की उगाच घाई होत नाही.

पिल्ले कोणाची, हे आधी ओळखावे

भेकाची, म्हणजे खरखरीत पाठीच्या टोडची, अंडी लांब दोऱ्यांसारख्या माळांत असतात. पिल्ले काळीकुट्ट, लहान आणि थव्याने फिरणारी असतात. उबदार पाण्यात त्यांना साधारण महिना-दीड महिना पुरतो. पाण्यावर झुकलेल्या फांदीला किंवा हौदाच्या भिंतीला साबणाच्या फेसासारखा गोळा चिकटलेला असेल, तर ती झाडबेडकाची वीण आहे. त्यातून खाली पाण्यात पडणाऱ्या पिल्लाच्या नाकाच्या टोकावर पांढरा ठिपका चमकतो आणि त्यांना बहुधा दोन महिने लागतात. पारदर्शक अंगाची, पाण्याच्या मध्यावर स्थिर तरंगणारी पिल्ले चिमुकल्या मायक्रोहायला बेडकाची असतात आणि ती पाण्यातले सूक्ष्म कण गाळून खातात. त्यांच्यासाठी पालकाचे पान टाकण्यात अर्थ नाही. जो बेडूक बारमाही पाण्यातच राहतो आणि चाहूल लागताच पृष्ठभागावरून टुणटुण उड्या मारत जातो, त्याची पिल्ले अंगाने मोठी होतात आणि सावकाश वाढतात. ‘वाढतच नाहीत’ अशी तक्रार असलेल्या अनेक हौदांत हीच पिल्ले असतात आणि त्यांच्या बाबतीत काहीही करायचे नसते. मोठ्या पिवळ्या-हिरव्या बुलफ्रॉगची पिल्ले मात्र मांसाहारी असतात आणि बाकीच्यांना खाऊन टाकतात. हौदातली संख्या झपाट्याने घटत असेल, तर तिकडे लक्ष द्यावे.

दाटी

वाढ थांबल्याचे फोटोंवरून नक्की झाले, तर सर्वांत आधी संशय घ्यावा तो दाटीचा, कारण भेकाची एक मादी हजारो अंडी घालते आणि आपला हौद असतो चार फूट लांब, तीन फूट रुंद, दीड फूट खोल. या हौदात सुमारे 500 लिटर पाणी मावते. दाटीत अन्न वाटले जाते, पाणी मलमूत्राने बिघडते, आणि याशिवाय सततच्या धक्काबुक्कीच्या ताणाचा परिणाम पिल्लांच्या वाढीवर होतो; मग मूठभर दांडगी पिल्ले पुढे निघून जातात आणि बाकीची आठवडेच्या आठवडे एकाच मापाची राहतात.

1973 मध्ये हेन्री विल्बर आणि जेम्स कॉलिन्स या संशोधकांनी या प्रश्नाची जी मांडणी केली, ती मला बागेतल्या माणसासाठीही फार उपयोगाची वाटते. तिचा आशय असा, की पिल्लाने एक किमान आकार गाठल्याशिवाय रूपांतरण, म्हणजे पिल्लाचा बेडूक होणे, सुरूच होत नाही. तो आकार गाठल्यावर मात्र पाण्यातली वाढ चांगली चालू असेल तर पिल्लू तिथेच थांबून मोठे होत राहते, आणि वाढ मंदावली तर लवकर बाहेर पडते. म्हणजे उपाशी, किमान आकाराच्या खाली अडकलेले पिल्लू रेंगाळते, तसेच खाऊन-पिऊन सुखी असलेले, गुबगुबीत पिल्लूही रेंगाळते. पहिल्याला मदत हवी असते, दुसऱ्याला ती नको असते. बशीतल्या पिल्लाचे अंग भरलेले आणि शेपटीचा दांडा जाड असेल, तर ते दुसऱ्या प्रकारचे समजावे.

एका लिटरला एकाहून जास्त पिल्लू नको, असा ढोबळ अंदाज मी ठेवते. संख्या जास्त असेल तर त्याच हौदातले पाणी भरून, बागेतच सावलीला एक मोठे टब ठेवावे आणि निम्मी पिल्ले तिकडे हलवावीत. ती नदीत, तळ्यात किंवा मित्राच्या कुंडात सोडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. कायट्रिड नावाची बुरशी अशाच अदलाबदलीतून पसरते. पश्चिम घाटातल्या बेडकांतही ती आढळलेली आहे. पिल्लांच्या बाबतीत ती तोंडाच्या कठीण भागांवर वाढते, त्यामुळे त्यांना नीट खरवडून खाता येत नाही.

ऊन, पाणी आणि खाणे

माझा हौद पुण्यात आंब्याच्या दाट सावलीत आहे आणि पहिली दोन वर्षे माझी पिल्ले शेजारच्या उघड्या टाकीतल्या पिल्लांच्या मागेच राहत. पिल्लांच्या शरीराचे तापमान पाण्याइतकेच असते, त्यामुळे गार पाण्यात पचन, वाढ आणि रूपांतरण सगळेच मंदावते. शिवाय ऊन नसले की त्यांचे मुख्य अन्न असलेले शेवाळही वाढत नाही. पहाटे आणि दुपारी तीनला, पृष्ठभागावर न मोजता तळाशी, तापमान मोजावे. ते दिवसभर बावीस अंशांच्या खालीच राहत असेल, तर एखादी फांदी छाटून सकाळचे दोन-तीन तास ऊन येऊ द्यावे. दुपारचे ऊन सबंध हौदावर पडू देणे मात्र नको, कारण उथळ पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो. हीटर वगैरे लावणे मला अनावश्यक वाटते.

नव्या सिमेंटच्या हौदात वाढ थांबण्याचे कारण बहुधा चुना असते. असा हौद आठवडाभर भरून ठेवून रिकामा करावा, हे तीन-चार वेळा करावे, आणि मत्स्यालयाच्या दुकानात मिळणाऱ्या पट्टीने पाण्याचा सामू (pH) साडेसहा ते आठच्या दरम्यान आल्याची खात्री करावी. नळाच्या पाण्यातले क्लोरीन उघड्या बादलीत एक दिवस ठेवल्याने उडते, पण काही ठिकाणी पाणी शुद्ध करायला वापरतात ते क्लोरामाइन उडत नाही. म्हणून पागोळीचे पाणी, पहिल्या पावसाचे सोडून, केव्हाही चांगले. पाणी एकदम बदलू नये, आठवड्याला चौथा हिस्सा पुरे. पावसाळ्यात डासांसाठी औषध टाकायला कर्मचारी आले तर हौदात बेडकांची पिल्ले असल्याचे त्यांना सांगावे, आणि डासांच्या अळ्या आपण स्वतः जाळीने काढाव्यात. गप्पी किंवा गॅम्बुझिया मासे सोडणे हा त्यावरचा उपाय इथे चालत नाही, कारण मासे लहान पिल्लांना खातात, मोठ्यांच्या शेपट्या कुरतडतात, आणि उरलेली पिल्ले भीतीने दडून बसून खाणे कमी करतात. चतुरांचे डिंभ, म्हणजे पाण्यात राहणारी त्यांची पिल्लेही तेच करतात. पण चतुर आपण आणलेले नसतात, तेव्हा त्यांना राहू द्यावे.

शेवाळ असलेला हौद पिल्लांना स्वतःच पोसतो. ते संपलेले दिसले तर उकडलेल्या पालकाचे किंवा कोबीचे एखादे पान आणि आठवड्यातून दोनदा चिमूटभर माशांचे खाद्य द्यावे, आणि उरलेले दुसऱ्या दिवशी सकाळी काढून टाकावे. नुसता पालक महिनोन्‌महिने देऊ नये, कारण त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. भाताची शिते, पाव आणि उकडलेल्या अंड्याचा बलक यांनी पिल्ले वाढण्याआधी पाणी नासते.

आयोडीनचा नाद

रूपांतरण थायरॉइडच्या संप्रेरकाने होते, हे 1912 मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञाच्या प्रयोगातून दिसले: पिल्लांना थायरॉइड ग्रंथीचे तुकडे खाऊ घातल्यावर ती मुदतीआधीच, अगदी चिमुकल्या आकाराची, बेडूक झाली. उलट ती ग्रंथी काढून टाकलेली पिल्ले वाढत राहतात, पण बेडूक होत नाहीत. हे संप्रेरक तयार व्हायला आयोडीन लागते, एवढे वाचून काही जण पाण्यात आयोडीनयुक्त मीठ किंवा औषधाचे थेंब टाकतात. मिठाने पिल्लांना अपाय होतो, आणि घाईने घडलेला खुजा बेडूक बागेत फार दिवस टिकत नाही. पाणी मुद्दाम आटवून घाई करण्याचेही तसेच आहे: आटत्या पाण्यात काही जातींची पिल्ले लवकर बाहेर पडतात हे खरे, पण घरच्या हौदात त्याआधी पाणी बिघडण्याचीच शक्यता जास्त.

ब्रिटनमध्ये बागेत तळे असलेल्या मराठी घरांना वेगळे सांगावे लागेल. तिथल्या सामान्य बेडकाची काही पिल्ले हिवाळा पाण्यातच काढून पुढच्या वसंतात बेडूक होतात. तळ्याचा एखादा भाग 60 सेंटिमीटर खोल असला आणि बर्फाखाली पाणी राहिले, की पुरे. त्यांना घरात आणून ऊब देऊ नये, कारण भर थंडीत बाहेर पडलेल्या बेडकाला किडे कुठून मिळणार?

पुढचे पाय आले की खाणे देणे बंद करावे. या काही दिवसांत तोंडाची ठेवण बदलते, शाकाहारी लांब आतडे आखूड होते आणि पिल्लू शेपटीतल्या साठ्यावर जगते. शिवाय आता ते फुप्फुसांनी श्वास घेत असल्याने उभ्या गुळगुळीत भिंतीच्या हौदात बुडून मरू शकते. म्हणून मागचे पाय दिसू लागताच हौदाच्या दोन कोपऱ्यांत पाण्यातून काठापर्यंत जाणारा उतार करावा. चिऱ्याचे तुकडे, खडबडीत ओंडका किंवा काथ्याची चटई यांपैकी काहीही चालते. उताराच्या वरच्या टोकाशी ओला पालापाचोळा टाकावा आणि तेवढ्या भागातले गवत पाऊस संपेपर्यंत कापू नये.