नंदीची मान हलते कशी? डिझाइनला निघालेल्या खेड्यातल्या पोरापोरींसाठी

बारावीचा निकाल लागला की आमच्या भागातल्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला असतो, "ताई, डिझाइनला जायचं आहे, पण आमच्या गावात आहेच काय? आयडिया कुठून आणायच्या?" मग मोबाइलमध्ये साठवलेली चित्रं येतात. परदेशी खुर्च्या, जपानी दिवे, काचेची घरं. चित्रं चांगलीच असतात. पण त्या खुर्चीवर हा पोरगा कधी बसलेला नसतो, त्याच्या गल्लीतलंही कोणी बसलेलं नसतं. ती छान दिसते, याच्यापुढे त्याला तिच्याबद्दल एक वाक्य बोलता येत नाही. डिझाइन कॉलेजात निवड करणारे नेमकं ते पुढचं वाक्य विचारतात.

मी वर्धा जिल्ह्यातली, सेलू तालुक्याकडची. घरी कापूस, तूर, सोयाबीन. डिझाइनची पदवी घेतली आणि आता पुण्यात लहान मुलांची खेळणी बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. माझ्या कामात उपयोगी पडलेलं बरंचसं मी कॉलेजात जायच्या आधीच हाताळलेलं होतं. फक्त त्याच्याकडे नीट बघायची सवय नंतर लागली. ती सवय तुम्ही आत्ताच लावून घ्या, म्हणून हे लिहितेय.

सुरुवात घरातल्या गडव्यापासून करा. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर नवरा-बायकोनं भारत सरकारच्या बोलावण्यावरून देश फिरून 1958 साली एक अहवाल दिला. त्यातून पुढे 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. एवढा देश पाहून त्यांना सगळ्यात जास्त भावलेली वस्तू कोणती, तर लोटा. म्हणजे आपला गडवा. त्यांनी नुसती तारीफ केली नाही, गडव्याला प्रश्न विचारले. पाणी किती न्यायचं, ओतायचं किती वेगानं? उचलणारा हात बाईचा, पुरुषाचा की पोराचा? डोक्यावर नेणार की कमरेवर? भरलेला असताना तोल कसा, रिकामा असताना कसा? घासताना हात आत जातो का? उन्हात धरला तर कसा लागतो, दगडावर ठेवला तर आवाज कसा येतो? असा गडवा कोण्या एका माणसानं बनवलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या हातांनी घडत आलेला आहे, हेही त्यांनी लिहून ठेवलं.

हे प्रश्न घेऊन एकदा स्वयंपाकघरात बसा. गळ्याशी बोटं अडकतात म्हणून ओला गडवाही सुटत नाही. तोंड रुंद म्हणून राख घेऊन हात तळापर्यंत जातो. पोटाला कोपरा नाही म्हणून घाण साचत नाही. काठ बाहेर वळलेला म्हणून धार तुटते, पाणी अंगावरून ओघळत नाही. भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला. तिकडचा जुना पितळी गडवा घरात असेल तर शेजारी आत्ताचा स्टीलचा ठेवून बघा. वजन कुठं गेलं, काठ किती पातळ झाला, ते लिहा.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा ज्यांनी दिल्यात त्यांना वस्तुचित्र आणि स्मरणचित्र हे दोन पेपर माहीत आहेत. मी दोन्हींची मोट बांधते. वस्तू रोज वापरातली घ्यायची, पण समोर ठेवायची नाही. आधी आठवणीनं काढायची, मग वस्तू आणून चित्राशी ताडून बघायची. चित्रात जिथं हात अडखळला तिथं तुम्ही ती वस्तू आजवर पाहिलीच नव्हती. कंदील, सूप, विळा, सायकलचा कॅरिअर, काहीही चालेल. सायकल आठवणीतून काढून बघाच. चेन कोणकोणत्या चक्राला जोडलेली असते, यात भलेभले फसतात.

नुसत्या बघण्याला मात्र मर्यादा आहे. वस्तू बनवणाऱ्याजवळ जाऊन बसल्याशिवाय तिचं पोट कळत नाही. आमच्या गावात बंडीची, म्हणजे बैलगाडीची, चाकं करणारे एक म्हातारे सुतारबुवा होते. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवायचा दिवस म्हणजे आम्हा पोरांसाठी जत्राच. धाव गोवऱ्यांच्या आगीत लाल करायची, सांडशीनं उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. वाफेचा लोट उठायचा आणि आरे चाकाच्या मधल्या तुंब्यात कचकन आवळले जायचे. मी विचारलं होतं, धाव चाकाच्या मापाचीच का नाही करत? बुवा म्हणाले, "काहाले बसन वं पोरी? धाव लहानच पाह्यजे. तापली का वाढते, थंडी झाली का चाकाले धरते." खिळा नाही, सरस नाही, नुसता लोखंडाचा स्वभाव वापरून केलेला जोड. पुढे कॉलेजात वर्कशॉपच्या तासाला हीच गोष्ट मोठ्या नावानं शिकवली, तेव्हा मला त्यात नवं काही वाटलं नाही. तुमच्याकडे सुतार उरला नसेल तर वेल्डिंगवाला असेल, बुरूड असेल, पंक्चरवाला असेल. जाताना वही काढून बसू नका, माणूस आखडतो. हातातलं काम धरू लागा, बोलणं आपोआप निघतं.

आता खेळाबद्दल. हा भाग मला सगळ्यात जवळचा आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

विदर्भाबाहेरच्यांना तान्हा पोळा माहीत नसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी सजवून मिरवतात, घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. नागपूरकर भोसल्यांनी 1806 साली ही प्रथा सुरू केली असं सांगतात. आमच्याजवळच्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर दूरदूरचे लोक बघायला येतात, तिथले नंदी माणसापेक्षा मोठे. साधा नंदी म्हणजे पाटीवर उभा केलेला लाकडी बैल, खाली चार चाकं आणि पुढं दोरी. दहावीपर्यंत मला याचं वेडच होतं. "आता मोठी झाली, पोरासारखी नंदी काय फिरवते" हे ऐकून घ्यायचं आणि पुढचा नंदी करायला बसायचं.

माझ्या डोक्यात बसलं होतं की नंदी ओढताना त्याची मान हलली पाहिजे, खऱ्या बैलासारखी. पुढच्या आसाच्या जागी मी तार घातली आणि ती मधोमध चौकोनी खाच पडेल अशी वाकवली. खाचेत दुसरी बारीक तार अडकवून वर मानेला बांधली. मान एका खिळ्यावर झुलती ठेवली. चाक फिरलं की खाच वर जाते, खाली येते आणि मान डोलते. खाच जेवढी खोल, त्याच्या दुप्पट मानेखालची तार वरखाली होते. मोजून बघितलंत तर पटेल. सायकलच्या चाकाची तार नंदीच्या वजनानं वाकायची, म्हणून कुंपणाची जाड तार घेतली.

खरी गंमत चाकांत होती. खेळण्याची चाकं सहसा आसावर सुटी फिरतात, आस जागचा हलत नाही. मान हलवायची तर आस फिरला पाहिजे, म्हणजे चाकं त्याला पक्की हवीत. दोन्ही पक्की केली तर नंदी सरळ छान चालतो, पण वळणावर एक चाक फरफटतं, कारण बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. मोटारीत हे सोडवायला वेगळी यंत्रणा असते. माझ्याकडे सोपा तोड होता, एक चाक पक्कं आणि दुसरं सुटं. शेणानं सारवलेल्या अंगणात ते जमलं. ग्रामपंचायतीसमोरच्या गुळगुळीत फरशीवर मात्र चाक घसरायचं आणि मान थांबायची. मग जुन्या ट्यूबची गोल चकती कापून चाकावर चढवली.

एका निवडीच्या मुलाखतीत माझ्या पोर्टफोलिओतला, म्हणजे दाखवायला नेलेल्या कामाच्या संग्रहातला, हा नंदी बघून समोरच्या बाईंनी विचारलं, "एकच चाक पक्कं का?" पुढे सगळं बोलणं त्या चाकावरच झालं. माझी पेन्सिलीची निसर्गचित्रं त्यांनी चाळली आणि बाजूला ठेवली. आज आमच्या कंपनीतल्या ढकलगाडीच्या खेळण्यात हीच खाचेची तार आहे, फक्त ती कारखान्यात वाकवली जाते.

हा नंदी मी कोणत्याही परीक्षेसाठी केला नव्हता. मला वाटतं म्हणूनच तो एवढ्या खोलात गेला. पोर्टफोलिओसाठी बसून केलेल्या वस्तू दिसायला नीटनेटक्या होतात, पण त्यात कुणी फरशीवर घसरणाऱ्या चाकाच्या मागे लागत नाही. तेव्हा ज्या नादापायी घरी बोलणी खाता, तो नाद आधी जपा आणि लगेच त्याचे फोटो टाकायला धावू नका. तो कशाच्या कामी येईल ते आधी कळत नाही. जपानच्या सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करायचं वेड होतं. गेमबॉय म्हणजे हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र, अशी दोन यंत्रं जोडणारी केबल बघून त्यांना वाटलं, हिच्यातून किडा इकडून तिकडे गेला तर? 1996 साली आलेला पोकेमॉन हा त्यातून निघालेला खेळ. पहिल्या पावसात मिरगाचे लाल मखमली किडे काड्यापेटीत भरणारी पोरं आपल्याकडे गावोगाव आहेत.

माझ्यासोबत शिकणारा एक मुलगा गडचिरोलीकडचा होता, वडसा भागातला. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकांचं मोठं केंद्र. दिवाळीनंतर हंगाम लागला की रात्रभर नाटकं चालतात. याला नाटकापेक्षा नाटकाच्या जाहिरातीच्या कागदांचा नाद. नायिकेचं नाव किती मोठं, विनोदी नटाचं कुठं, लाल कशाला, पिवळा कशाला, हे त्याला पाठ. ते कागद तो शाळेपासून ट्रंकेत जमवत होता. कॉलेजात अक्षररचनेच्या तासाला सगळे इंग्रजी फॉन्ट घेऊन बसले तेव्हा यानं ती ट्रंक उघडली. आज देवनागरी अक्षरं घडवणं हाच त्याचा धंदा आहे.

एक सावधगिरी मात्र सांगते. खेड्यातली वस्तू म्हटली की आपण लगेच जातं, कंदील, बंडीचं चाक असं जुनं आणि गोडगोड शोधतो. शहरातल्या परीक्षकांना ते आवडेल असं वाटतं. पण तुमच्या घरात पाठीवरचा फवारणी पंपही आहे. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. तो पंप पाठीवर घेऊन बघा, रिकामा आणि धुतलेला. पट्टा खांद्यात कुठं रुततो, झाकण गळलं तर औषध कुठं ओघळतं, उंच वाढलेल्या कपाशीत नळी धरली की तुषार कुणाच्या तोंडावर येतो, आणि त्या उकाड्यात मास्क-हातमोजे घालून किती वेळ उभं राहवतं? यावर पोर्टफोलिओत दोन पानं असतील तर ती दहा कंदिलांना भारी पडतील. औषधाचे रिकामे डबे मात्र खेळणी किंवा मॉडेल करायला अजिबात घेऊ नका. धुतल्यानंतरही नाही.

सामान काय लागतं? फारसं काही नाही. कोरी वही, पेन्सिल, मोजपट्टी, कातर, जुन्या ट्यूबा, काड्या, तार, पुठ्ठा. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरला शिकलेले इंजिनिअर. त्यांनी सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून मुलांना भूमितीचे आकार करायला शिकवले, आयुष्यभर टाकाऊतून खेळणी केली आणि 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही फुकट आहेत. एखादं खेळणं तसंच्या तसं करा, मग त्यात एक बदल करा आणि काय बिघडतं ते बघा. बिघडलेल्याचाही फोटो ठेवा, तारीख टाका. पोर्टफोलिओत शेवटच्या वस्तूपेक्षा हे मधले फोटो जास्त बोलतात.

परीक्षांचं थोडक्यात. आयआयटींच्या बी.डेस.साठी, म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी, युसीड ही प्रवेश परीक्षा, ती आयआयटी मुंबई घेते. कोणत्याही शाखेची बारावी चालते आणि लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते. पेपर इंग्रजीत असतो. एक भाग कॉम्प्युटरवर, एक भाग कागदावर चित्र काढायचा. एनआयडीची परीक्षा वेगळी, तिच्या दुसऱ्या फेरीत दिलेल्या सामानातून वस्तू करून दाखवावी लागते. तिथं तुमचा तार वाकवलेला हात कामी येतो. चित्रकलेकडेच ओढा असेल तर राज्याची कला सीईटी देऊन नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, घराजवळ आणि परवडणारं. क्लास लावायचा की नाही हे खिसा बघून ठरवा. मी लावला नव्हता. जुने पेपर संकेतस्थळावर मिळतात, ते वेळ लावून सोडवले. इंग्रजीची भीती असेल तर रोज एका वस्तूचं वर्णन पाच इंग्रजी वाक्यांत लिहा, व्याकरण कच्चं असलं तरी चालेल.

कागदपत्रांचं बघायला उशीर करू नका. ओबीसी असाल तर केंद्राच्या संस्थांना नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, राज्याचं चालत नाही. तहसीलमध्ये अर्ज करतानाच तसं स्पष्ट सांगा, नाहीतर नेहमीचंच हातात ठेवतात. युसीडचे फॉर्म साधारण ऑक्टोबरात निघतात. तेव्हा सोयाबीनची कापणी चालू असते आणि घरातलं कोणीही सोबत यायला मोकळं नसतं, म्हणून हे काम पोळ्याच्या आधीच उरका.