इंजेक्टरच्या टाकीत खत किती टाकायचं? ड्रीपरपासून उलटं मोजा

"टाकीत पाच किलो टाका आणि सोडा" असा सल्ला कुणी दिला की मी पहिला प्रश्न विचारतो, इंजेक्टर कितीवर ठेवलाय? बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो. टाकी केवढी आणि इंजेक्टर (टाकीतलं खताचं द्रावण ओढून ठिबकच्या पाण्यात मिसळणारं यंत्र) किती ओढतो हे माहीत नसेल तर त्या पाच किलोला काही अर्थच नाही. झाडाला टाकीतलं पाणी मिळत नाही, ड्रीपरमधून पडणारं मिळतं, त्यामुळे हिशोब तिथूनच सुरू करायचा आणि उलटं टाकीपर्यंत यायचं.

आधी पीपीएम ठरवा. १ पीपीएम म्हणजे १००० लिटर पाण्यात १ ग्रॅम, एवढं डोक्यात ठेवलं की मोठमोठे फॉर्म्युले पाठ करायची गरज पडत नाही. समजा ड्रीपरला नायट्रोजन १५० पीपीएम पाहिजे, म्हणजे दर १००० लिटरला १५० ग्रॅम नायट्रोजन. पिकाप्रमाणे आणि अवस्थेप्रमाणे आकडा बदलेल, रीत तीच.

आता टाकी १०० लिटरची आणि इंजेक्टर १:१०० वर (१०० लिटर पाण्यामागे टाकीतलं १ लिटर द्रावण), तर एक टाकी संपेपर्यंत अंदाजे १०,००० लिटर पाणी जाणार. त्याला नायट्रोजन लागणार १५०० ग्रॅम. १९:१९:१९ वापरत असाल तर त्यात १९ टक्के नायट्रोजन, म्हणून १५०० भागिले ०.१९, साधारण ७.९ किलो खत. झालं. गोणीवरचा पहिला आकडा सरळ नायट्रोजनचा असतो, पण दुसरा आणि तिसरा ऑक्साइडच्या रूपात लिहिलेला असतो, खरा फॉस्फरस काढायला दुसऱ्याला ०.४४ ने आणि खरं पोटॅशियम काढायला तिसऱ्याला ०.८३ ने गुणा. पिकाच्या शिफारशीच्या तक्त्यात "पी" (फॉस्फरस) आणि "के" (पोटॅशियम) चे पीपीएम दिलेत आणि तुम्ही गोणीवरचे आकडे तसेच धरलेत, तर फॉस्फरस निम्म्याहूनही कमी पडतो आणि आपल्याला वाटतं सगळं बरोबर चाललंय.

सुटी खतं वापरणार असाल तर कॅल्शियमपासून सुरू करा, कारण कॅल्शियम नायट्रेटसोबत नायट्रोजन फुकट येतो. कॅल्शियम १०० पीपीएम हवं आणि खतात ते १९ टक्के, म्हणजे १००० लिटरला ५२६ ग्रॅम, आणि त्यातल्या १५.५ टक्क्यांनी जवळजवळ ८२ पीपीएम नायट्रोजन आलाच. उरलेले ६८ तेवढे १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) मधून घ्या. हे वजा न करता पुन्हा पूर्ण १५० चा हिशोब करणारे लोक मी बघितलेत, मग पानं गडद हिरवी होतात, झाड नुसतं माजतं आणि फळाचा पत्ता नाही.

कॅल्शियम नायट्रेट ए टाकीत, सल्फेट आणि फॉस्फेटवाली सगळी खतं बी टाकीत. एकत्र केलीत तर तळाला पांढरा गाळ बसेल, त्यावर चर्चा नको. दोन इंजेक्टर एकामागे एक लावलेत आणि दोन्ही १:१०० वर आहेत, तर दोन्ही टाक्यांचा हिशोब वेगवेगळा आणि पूर्ण १:१०० नेच करायचा, "दोन आहेत म्हणून अर्धं-अर्धं" हा सल्ला साफ चुकीचा आहे.

आता खरी अडचण, इंजेक्टरचा आकडा. माझं डोकं सुरुवातीला सगळ्यात जास्त इथेच फिरायचं. काही इंजेक्टरवर टक्के असतात, काहींवर प्रमाण. १ टक्का म्हणजे १:१००, २ टक्के म्हणजे १:५०, ०.५ टक्के म्हणजे १:२००. गंमत अशी की १:२०० हा आकडा दिसायला मोठा म्हणून लोकांना वाटतं खत जास्त जाईल, जातं मात्र निम्मं. वर १:१०० साठी जी टाकी बनवली तीच ठेवून आकडा २ टक्क्यांवर फिरवलात तर ड्रीपरला ३०० पीपीएम, ०.५ वर फिरवलात तर ७५. म्हणून आकडा बदलला की टाकीचं गणित पुन्हा करायचं, आणि टाकीवर मार्करने लिहून ठेवायचं की हे द्रावण कितीसाठी आहे. घरातल्या दुसऱ्या माणसाने येऊन नॉब फिरवला तर कळणार कसं?

आणि नॉबवर जे लिहिलंय तेच इंजेक्टर ओढतो यावर विश्वास ठेवू नका, नवा असला तरी. आतले रबर झिजतात, सक्शन पाइपची जाळी चोंदते, पाइपच्या जोडातून हवा ओढली जाते. तपासणी सोपी आहे. सक्शन पाइप मापाच्या खुणा असलेल्या १० लिटरच्या बादलीत सोडा, आधी पाइपमधली हवा जाऊ द्या, मग नेहमीचे सगळे व्हॉल्व्ह चालू ठेवून वॉटर मीटरवर ५०० लिटर जाऊ द्या. १:१०० असेल तर बादलीतून ५ लिटर जायला हवेत. ४ च गेले तर तुमचा इंजेक्टर खरं तर १:१२५ वर चालतोय आणि १५० चे १२० पीपीएम झालेत. ही चाचणी एकच नळ बारीक सोडून करू नका, फ्लो इंजेक्टरच्या किमान मर्यादेखाली गेला की तो नीट ओढतच नाही आणि तुम्ही उगाच दुरुस्ती काढून बसाल.

दुसरी तपासणी ईसी मीटरने (ईसी म्हणजे पाण्याची वीजवाहकता, विरघळलेले क्षार वाढले की ती वाढते). ठिबकला जाणारं साधं पाणी ९९० मिली घ्या, त्यात टाकीतलं द्रावण १० मिली टाका (ए आणि बी दोन्ही असतील तर ९८० मध्ये प्रत्येकी १०), ईसी बघा आणि ड्रीपरखाली गोळा केलेल्या पाण्याशी ताडून पहा. हाताने मिसळलेलं बरोबर आणि ड्रीपरचं चूक असेल तर दोष इंजेक्टरचा, हाताचंच चूक असेल तर वजनात किंवा गणितात घोळ आहे. तक्त्यातल्या ईसीशी तुलना करताना साध्या पाण्याचा ईसी वजा करायला विसरू नका. एक मात्र लक्षात ठेवा, युरिया ईसीमध्ये दिसत नाही. १९:१९:१९ मध्ये बराचसा नायट्रोजन युरियाचा असतो, त्यामुळे ईसी कमी दिसला म्हणून अजून खत ओतत बसू नका.

टाकी बनवताना अर्धं पाणी, मग खत, विरघळलं की खुणेपर्यंत पाणी. "१०० लिटर" छापलेली टाकी काठोकाठ भरल्यावर किती होते ते एकदा बादलीने मोजून आतून खूण करा. ०:०:५० (पोटॅशियम सल्फेट) जेमतेम विरघळतं, २० अंश पाण्यात लिटरला ११० ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे १:२०० साठी घट्ट द्रावण करताना ते तळाला राहिलं तर दोष गणिताचा नाही, १:१०० वर या.

व्हेंच्युरी (पाण्याच्या दाबातल्या फरकावर खत ओढणारा साधा इंजेक्टर) असेल तर ठरलेलं प्रमाण विसरा, दाब बदलला की ओढ बदलते. बादलीची चाचणी प्रत्येक प्लॉटच्या व्हॉल्व्हला वेगळी करा आणि ड्रीपरचा ईसी दर वेळी बघा.