इसबेर्गाचा चंद्र प्रकाशवक्रात सापडत नाही? या चुका टाळा

९३९ इसबेर्गा हा लघुग्रह पट्ट्याच्या आतल्या भागातला, फ्लोरा गटातला खडकाळ लघुग्रह. कार्ल राइनमुथ यांनी तो १९२० मध्ये हायडेलबर्गहून शोधला. त्याच्या चंद्राचा पत्ता २००६ मध्ये प्रकाशवक्रातून, म्हणजे वेळेनुसार तेज कसं बदलतं ते दाखवणाऱ्या आलेखातून लागला. लघुग्रहाचा व्यास सुमारे १२.४ किमी, चंद्राचा ३.६. परिवलन (स्वतःभोवती फिरणं) २.९२ तासांचं, चंद्राची फेरी २६.६३ तासांची.

चंद्र पूर्ण झाकला गेला तरी एकूण प्रकाश जेमतेम ०.०९ प्रतीने (प्रत म्हणजे तेजस्वितेचं एकक) घटतो. लघुग्रहाच्या स्वतःच्या फिरण्याने होणारा चढउतार ०.२ प्रतीच्या आसपास, म्हणजे कितीतरी मोठा. त्यामुळे कच्च्या वक्रात खड्डा शोधणं फुकट. आधी परिवलनाचा वक्र वजा करा. हमखास चूक इथेच होते: सगळे बिंदू एकत्र घालून फूरिये फिट (साइन-कोसाइन पदांच्या बेरजेने जुळवलेला वक्र) केला जातो, नीट बसत नाही म्हणून पदं वाढवली जातात आणि खड्डा फिटमध्येच जिरतो. ग्रहणाचे वाटणारे संशयित बिंदू वगळून फिट करा, मग उरलेला फरक सगळ्या बिंदूंसाठी काढून २६.६३ तासांवर मांडा, म्हणजे प्रत्येक फेरी एकमेकींवर ठेवा.

दर रात्री तुलनातारे (ज्यांच्याशी लघुग्रहाचं तेज ताडून पाहतो ते तारे) बदलून शून्यबिंदू, म्हणजे मोजपट्टीची सुरुवात, अंदाजाने वरखाली करू नका. ०.०५ प्रतीने सरकवलेली रात्र ग्रहण गिळून टाकते. मोहीमभर ताऱ्यांच्या प्रतींचा एकच कॅटलॉग वापरा.

‘तीन रात्री पाहिलं, काहीच नाही.’ नसणारच! २४ तासांत चंद्राची ०.९ फेरी होते, म्हणजे रोज त्याच वेळी पाहिलं तर कला (फेरीतली चंद्राची जागा) फक्त दशांश फेरीने सरकते. सलग सहा तासांची सत्रं धरली तरी एका जागेवरून पूर्ण फेरी झाकायला नऊ रात्री लागतात. वेगळ्या रेखांशावरचा जोडीदार मिळाला तर उत्तम.

खोटा खड्डाही फसवतो. पार्श्वभूमी मोजायच्या कड्यात अंधुक तारा शिरला की आकाश जास्त उजळ धरलं जातं आणि लघुग्रह मंद भासतो. त्या रात्रीचा मार्ग आकाश-सर्वेक्षणाच्या छायाचित्रावर आखून पाहा. एक्स्पोजर दोन-तीन मिनिटांपलीकडे नेलं तर बिंब लांबट होतं, तेही टाळा. वेळेत प्रकाशप्रवासाची दुरुस्ती हवीच, दर खगोलीय एककाला (पृथ्वी-सूर्य अंतराला) ८.३ मिनिटं.

एवढं करूनही ग्रहण दिसलं नाही, तर चंद्राच्या कक्षेची पातळी त्या प्रतियुतीत (लघुग्रह आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला येतो तेव्हा) आपल्या दृष्टिरेषेपासून कललेली असू शकते. पुढची प्रतियुती साधारण १७ महिन्यांनी. ती पावसाळ्यात आली तर महाराष्ट्रातून आशा सोडा.