घराच्या व्यवहारात सॉलिसिटरचं बिल फुगतं कुठे, आणि आधी काय विचारून घ्यायचं

हे सगळं इंग्लंड आणि वेल्सचं आहे, स्कॉटलंडची पद्धत पूर्ण वेगळी, तिथलं कोणी असेल तर हे वाचून गोंधळू नका.

कोट मागवला की ठळक अक्षरात जो आकडा येतो ना, तो बहुतेक वेळा फक्त वकिलाच्या मूळ कामाचा असतो आणि पुष्कळदा व्हीएटी सोडून. म्हणजे ९०० पौंड दिसले तर २० टक्के व्हीएटी धरून ते १०८० झालेच, आणि अजून सर्चेस (घराबद्दल कौन्सिल वगैरेंकडे केलेल्या चौकश्या), लँड रजिस्ट्री (मालकीची सरकारी नोंद ठेवणारं खातं), बँक ट्रान्सफर, आयडी चेक काहीच धरलेलं नाही. त्यामुळे तीन फर्मचे ठळक आकडे शेजारी ठेवून स्वस्त कोण ते ठरवण्यात काही अर्थ नाही. विचारायचं एकच, व्यवहार संपेपर्यंत माझ्या खात्यातून एकूण किती जाणार, आणि ते लेखी द्या.

कोट हातात आला की आधी त्याचे दोन भाग पाडा. एक म्हणजे खरंच बाहेर जाणारे पैसे: कौन्सिलचा लोकल सर्च, पाणी आणि ड्रेनेजचा सर्च, एन्व्हायर्नमेंटल सर्च, लँड रजिस्ट्रीची नोंदणी फी, टायटल रजिस्टरची म्हणजे मालकीच्या नोंदीची कॉपी (डिसेंबर २०२४ पासून ७ पौंड, आधी ३ होते), आणि स्टॅम्प ड्युटी, वेल्समध्ये तिच्या जागी लँड ट्रान्झॅक्शन टॅक्स. यात घासाघीस करून फार काही मिळत नाही. दुसरा भाग फर्मच्या स्वतःच्या चार्जेसचा, आणि गंमत अशी की तेही डिस्बर्समेंट्सच्याच (वकील आपल्या वतीने बाहेर भरतो ते खर्च) यादीत बसवलेले असतात त्यामुळे सरकारी फी असल्यासारखे वाटतात. फाइल उघडायची फी, फाइल साठवायची फी, स्टॅम्प ड्युटीचा फॉर्म भरायची फी (हा फॉर्म कम्प्लिशन, म्हणजे व्यवहार पूर्ण होऊन चावी मिळण्याचा दिवस, झाल्यावर १४ दिवसांत जावाच लागतो, म्हणजे नेहमीचंच काम, तरी वेगळे पैसे), आणि बँक ट्रान्सफर फी, जी बँक फर्मकडून घेते त्याहून बरीच जास्त आपल्याला लागलेली असू शकते. या ओळींवर बोलता येतं, आणि बोलावंच. सरळ विचारा, यातलं तिसऱ्याला किती जातं आणि तुमच्याकडे किती राहतं.

एकाच वेळी विकणं आणि घेणं चालू असेल तर ऑफिसमध्ये त्या दोन वेगळ्या फाइल्स असतात, म्हणून आयडी चेक दोनदा, फाइल फी दोनदा, आणि ट्रान्सफर तर जुनं मॉर्गेज फेडायला एक, समोरच्या वकिलाला एक, उरलेले पैसे तुम्हाला पाठवायला एक. एकच फर्म दोन्ही करतेय ना, मग या गोष्टी एकदाच लावा असं म्हणून बघा, काही जण ऐकतात.

लीजहोल्ड फ्लॅट (जमीन दुसऱ्याची, फ्लॅट ठरावीक वर्षांच्या लीजवर आपला) असेल तर जरा जास्तच सावध राहा, खरी वाढ इथे होते. आधी लीजहोल्ड म्हणून फीच जास्त. विकणाऱ्याला मॅनेजमेंट पॅक घ्यावा लागतो, एलपीई-१ नावाचा फॉर्म आणि सोबतचे कागद, आणि त्याची किंमत ठरवतो मॅनेजिंग एजंट (बिल्डिंगची व्यवस्था बघणारी कंपनी), वकील नाही. काहीशे पौंड सहज जातात आणि व्यवहार रखडून तो पॅक जुना झाला तर नवीन मागवायचे परत पैसे. घेणाऱ्याला नोटीस ऑफ ट्रान्सफर (मालक बदलल्याचं जमीनमालकाला कळवणं), मॉर्गेज असेल तर नोटीस ऑफ चार्ज (कर्जाचं कळवणं), कधी डीड ऑफ कोव्हेनंट (लीजच्या अटी पाळायचा करार), कधी कम्प्लायन्स सर्टिफिकेट (अटी पाळल्याचा दाखला), आणि प्रत्येकाची फी लीजमध्ये किंवा एजंटच्या मनात जी असेल ती. इंग्लंडमध्ये बिल्डिंग किमान ११ मीटर उंच किंवा किमान पाच मजली असेल तर २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्याचं काम वाढतं, त्याचा वेगळा चार्ज आहे का, आणि मुळात तुम्ही अशी केस घेता का, हे पहिल्याच फोनवर विचारा.

आपल्या लोकांना हमखास लागणारा चार्ज म्हणजे गिफ्टेड डिपॉझिटचा, म्हणजे डिपॉझिटचे पैसे कोणी भेट दिले असतील तर. आईबाबांनी भारतातून पैसे पाठवले की वकिलाला त्यांचेही आयडी लागतात, पैसे कुठून आले त्याचे कागद लागतात, आणि देणारे दोघं असले तर चार्जही दोघांचा लागू शकतो. हे शेवटच्या महिन्यात सांगितलं तर कोट बदलणारच, म्हणून कोट मागतानाच सांगून टाका. लाइफटाइम आयसा (पहिल्या घरासाठी सरकारी बोनस मिळणारं बचत खातं) वापरणार असाल, दोघांच्या नावावर घेऊन हिस्सा कमी-जास्त ठेवणार असाल, नवीन बिल्डरचं घर असेल, तेही तेव्हाच.

मध्येच उगवणारी अजून एक गोष्ट म्हणजे इंडेम्निटी इन्शुरन्स, घराच्या कागदांतल्या त्रुटीमुळे पुढे नुकसान झालं तर त्यासाठीचा विमा. एक्स्टेंशनचा बिल्डिंग रेग्युलेशनचा कागद सापडत नाही, खिडक्यांचं सर्टिफिकेट नाही, की वकील पॉलिसी सुचवतो. प्रीमियम एकदाच भरायचा आणि तो सहसा विकणाऱ्याने द्यावा असं म्हणायला पूर्ण जागा असते. फक्त उत्साहाच्या भरात कौन्सिलला फोन करून चौकशी करू नका, मग ती पॉलिसी मिळणंच बंद होऊ शकतं.

'नो मूव्ह नो फी' वाचून हुरळू नका. व्यवहार फिसकटला तर फर्मची फी वाचते, सर्चेसचे पैसे गेलेच. आणि तुम्ही स्वतः माघार घेतली तर ही सवलत लागू आहे का ते अटींमध्ये बघा.

एस्टेट एजंट 'आमचाच सॉलिसिटर घ्या' म्हणून मागे लागला तर त्याला रेफरल फी किती मिळते ते विचारा, तो घेण्याचं तुमच्यावर बंधन नाही. मात्र जो निवडाल तो तुमच्या मॉर्गेज देणाऱ्या बँकेच्या पॅनलवर (मान्य वकिलांच्या यादीत) आहे का ते बघा, नसेल तर बँकेचा वेगळा वकील आणि त्याचीही फी. सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीच्या (सॉलिसिटरांवर देखरेख ठेवणारी संस्था) फर्म्सना डिसेंबर २०१८ पासून घरांच्या व्यवहाराच्या किमती वेबसाइटवर टाकाव्याच लागतात, तिथलं पान आणि तुमचा कोट जुळवून बघा.

ठरवण्याआधी एक ईमेल टाकायचा: "व्हीएटी धरून एकूण रक्कम द्या, कुठल्या परिस्थितीत कोणता जादा चार्ज लागेल त्याची यादी द्या, आणि नवीन काही निघालं तर काम करण्याआधी मला विचारा." खर्च बदलत असेल तर कळवणं हे सॉलिसिटरचं कर्तव्यच आहे, पण लेखी असलं की पुढे वाद घालायला बरं पडतं.

एवढं करूनही कम्प्लिशन स्टेटमेंटमध्ये (शेवटच्या हिशोबात) अनोळखी ओळ दिसलीच, तर ती कुठल्या अटीखाली लावली ते त्याच दिवशी लेखी विचारा. रक्कम लहान असेल तर तेवढ्यासाठी चावी अडकवू नका, आक्षेप नोंदवून पैसे भरा आणि मग फर्मकडे रीतसर तक्रार करा. त्यांना आठ आठवडे मिळतात. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर लीगल ओम्बड्समनकडे (वकिलांविरुद्धच्या तक्रारी बघणारी यंत्रणा) जा, फुकट आहे, पण फर्मच्या अंतिम उत्तरापासून सहा महिन्यांत जायला हवं. रक्कम खूपच मोठी असेल तर १९७४ च्या सॉलिसिटर्स ॲक्टखाली कोर्टाकडून बिल तपासून घेता येतं. त्यासाठी बिल मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत अर्ज केला तर तो तुमचा हक्क असतो, नंतर कोर्टाच्या मर्जीवर.