जिभेचे ग्रीक शब्द: पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांसाठी

नीट परीक्षा मराठीतून देता येते, पण एमबीबीएस बहुतेक ठिकाणी इंग्रजीतूनच करावं लागतं, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना हेड अँड नेकच्या पोस्टिंगला हे सगळ्यात जास्त टोचतं. डिसेक्शन हॉलमध्ये शेजारी कॉन्व्हेंटची मुलं भराभर नावं घेत असतात आणि आपल्याला वाटतं, यांना हे घरबसल्या येतं. तसं काही नसतं. जीनिओग्लॉसस हा शब्द बारावीपर्यंत त्यांनीही ऐकलेला नसतो. तो मुळात ग्रीक आहे, आणि ग्रीकपुढे अमरावतीचा मुलगा आणि बांद्र्याची मुलगी एकाच बाकावर बसतात. हे लक्षात आल्यावर माझ्या मनावरचं मोठं ओझं उतरलं, म्हणून ते तुम्हाला आधीच सांगते आहे.

सुरुवात जिभेपासूनच करा. स्नायू मोजके आहेत, नावं नियमाने बांधलेली आहेत आणि आरशासमोर स्वतःवर तपासून बघता येतात.

ग्रीकमध्ये जीभ म्हणजे ग्लॉसा. जिभेला बाहेरून येऊन चिकटणारे स्नायू चार, आणि प्रत्येकाच्या नावाचा पहिला तुकडा तो कुठून निघतो हे सांगतो. जीनिओ म्हणजे हनुवटी, ग्रीक गेनेइऑनवरून. हायो म्हणजे जिभेच्या मुळाखालचं हायॉइड हाड, ग्रीक अक्षर उप्सिलॉनच्या आकाराचं. स्टायलो म्हणजे कवटीच्या तळाशी असलेला स्टायलॉइड काटा. पॅलॅटो म्हणजे टाळू. आपण शाळेत समासाचा विग्रह करत होतो, तसाच इथे करायचा: हनुवटीपासून जिभेपर्यंत, हायॉइडपासून जिभेपर्यंत. उगम आणि शेवट दोन्ही नावातच मिळतात, वेगळं पाठांतर उरत नाही.

उगम कळला की कामही कळतं, कारण स्नायू आकुंचन पावून जिभेला आपल्या उगमाकडेच ओढतो. हायॉइड खाली, म्हणून हायोग्लॉसस जीभ खाली दाबतो. स्टायलॉइड मागे आणि वर, म्हणून स्टायलोग्लॉसस तिला मागे-वर नेतो. हनुवटी पुढे, म्हणून जीनिओग्लॉसस जीभ बाहेर काढतो.

या जीनिओग्लॉससवर थोडा जास्त वेळ द्या, मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माणूस बेशुद्ध होऊन उताणा पडला की हा स्नायू सैल होतो, जीभ मागे घसरते आणि श्वासाची वाट अडते. अशा वेळी खालचा जबडा पुढे ढकलतात. जीनिओग्लॉसस त्याच जबड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेला असल्यामुळे जबड्याबरोबर जीभही पुढे येते. म्हणून त्याला सेफ्टी मसल म्हणतात. पहिल्या वर्षाच्या एका नावाचा जीव वाचवण्याशी इतका सरळ संबंध असतो, हे कळलं त्या दिवसापासून मला ॲनाटॉमी मनापासून आवडायला लागली.

आता नर्व्ह, म्हणजे मज्जातंतू. हायपो म्हणजे खाली, म्हणून हायपोग्लॉसल ही जिभेखालून जाणारी बारावी क्रेनिअल, म्हणजे थेट मेंदूतून निघणारी, नर्व्ह. जिभेचे आतले-बाहेरचे सगळे स्नायू तीच चालवते, अपवाद फक्त पॅलॅटोग्लॉससचा. त्याला व्हेगस या दहाव्या नर्व्हकडून, फॅरिंजिअल प्लेक्सस म्हणजे घशाजवळच्या नर्व्हच्या जाळ्यामार्गे पुरवठा होतो. लक्षात ठेवायची माझी खूण अशी: बाकी तिन्ही नावं पूर्ण ग्रीक, याच्या नावाचा मात्र पहिला तुकडा लॅटिन, पॅलॅटम. नाव मिश्र आणि नर्व्हही निराळी. हा निव्वळ योगायोग आहे, पण व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, उपयोगी पडतो.

बारावी नर्व्ह एका बाजूला निकामी झाली तर जीभ बाहेर काढताना कुठे वळते, हे व्हायव्हात विचारतातच. ती निकामी बाजूकडे वळते. घोकू नका, समजून घ्या: उजवा जीनिओग्लॉसस जिभेला पुढे आणि डावीकडे ढकलतो, डावा पुढे आणि उजवीकडे. उजवा बंद पडला की डाव्याला रोखणारं कोणी राहत नाही आणि जीभ उजवीकडे जाते.

सगळ्यात जास्त गोंधळ हायो आणि हायपो यांचा होतो, त्यात हायपोग्लॉसल नर्व्ह नेमकी हायोग्लॉसस स्नायूवरूनच जाते. हे चित्र स्वतः काढा. स्नायूच्या बाहेरच्या अंगाला वरून खाली लिंग्वल नर्व्ह, सबमँडिब्युलर डक्ट (जबड्याखालच्या ग्रंथीतून लाळ आणणारी नळी) आणि हायपोग्लॉसल नर्व्ह. आतल्या अंगाला ग्लॉसोफॅरिंजिअल नर्व्ह, स्टायलोहायॉइड लिगामेंट आणि लिंग्वल आर्टरी, म्हणजे जिभेची धमनी. टेबलवर सर चिमट्याने हायोग्लॉसस उचलतात आणि विचारतात, ‘याच्या मागे काय?’ तेव्हा लिंग्वल आर्टरी तोंडातून लगेच निघाली पाहिजे.

इथे लिंग्वल हा दुसरा शब्द आला. लॅटिनमध्ये जीभ म्हणजे लिंग्वा, आणि ॲनाटॉमीत दोन्ही भाषा शेजारी-शेजारी नांदतात. साधारण असं धरून चाला की स्नायू आणि आजार ग्रीक नावाचे; रक्तवाहिन्या, टॉन्सिल आणि पुढच्या दोन तृतीयांश भागाची स्पर्शसंवेदना नेणारी नर्व्ह लॅटिन नावाची. मागच्या एक तृतीयांश भागाचा स्पर्श आणि चव दोन्ही नवव्या नर्व्हकडे, म्हणजे ग्लॉसोफॅरिंजिअलकडे. फॅरिंक्स म्हणजे घसा. पुढच्या भागाची चव कॉर्डा टिम्पनी नेते. ग्रीक खॉर्डे म्हणजे तार, टिम्पनॉन म्हणजे ढोल. ही नर्व्ह कानाच्या पडद्याजवळून जाते, त्यामुळे मधल्या कानाच्या ऑपरेशननंतर काही रुग्णांची चव का बदलते, याचं उत्तरही तिथेच मिळतं.

काही नावं फसवी आहेत, तेवढी वेगळी लिहून ठेवा. जेनिक्युलरचा हनुवटीशी संबंध नाही, ते लॅटिन गेनूवरून, म्हणजे गुडघ्यावरून आलं. मेंटल नर्व्हचा मनाशी संबंध नाही, मेंटम म्हणजे लॅटिनमधली हनुवटी. ग्लॉटिस हा शब्द मात्र खरोखर जिभेच्याच घराण्यातला आहे. अथेन्सच्या बोलीत ग्लॉसाला ग्लॉटा म्हणत, त्यावरून तो आला. पण ॲनाटॉमीत त्याचा अर्थ स्वरयंत्रातली फट. एपिग्लॉटिस म्हणजे तिच्यावरचं झाकण.

आजारांची नावं यानंतर आपोआप उलगडतात. ग्लॉसायटिस म्हणजे जिभेचा दाह, मॅक्रोग्लॉसिया म्हणजे मोठी जीभ, अँकिलोग्लॉसिया म्हणजे जिभेखालचा पडदा आखूड असल्याने अडकलेली जीभ. थायरोग्लॉसल डक्ट तर थायरॉइड ग्रंथीचा गर्भातला प्रवासच सांगते: जिभेच्या मागच्या भागावरच्या फोरामेन सीकम या खळग्यापासून खाली मानेपर्यंत. ही नळी बुजली नाही आणि तिथे गाठ झाली, तर रुग्णाने जीभ बाहेर काढताच गाठ वर सरकते.

ओपीडीत बसायला लागाल तेव्हा यातला एकही शब्द रुग्ण बोलणार नाही. आजी म्हणेल, ‘तोंड आलंय’, तुम्ही केसपेपरवर स्टोमॅटायटिस लिहाल. स्टोमा म्हणजे ग्रीकमध्ये तोंड. बाळाची आई ‘जीभ चिकटलेली आहे’ म्हणेल, ते बहुतेकदा अँकिलोग्लॉसिया असेल. कोणी ‘पडजीभ सुजली’ म्हटलं तर जीभ बघत बसू नका आणि एपिग्लॉटिस तर अजिबात लिहू नका. पडजीभ म्हणजे युव्ह्युला, मऊ टाळूचा लोंबणारा भाग. मराठी माध्यमाचा इथे स्वच्छ फायदा आहे: हे शब्द आपण घरात ऐकलेले असतात आणि शेजारच्या बाकावरच्या मुलांना ते आपल्यालाच विचारावे लागतात. त्यांना नीट समजावून सांगा, आणि बदल्यात त्यांच्याकडून व्हायव्हाचं इंग्रजी घोटून घ्या.